जमिनीच्या पोटातील पाणी

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी औंध येथे केलेले भाषण)



आमच्यासारख्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिक माणसास या व्यासपीठावरून विज्ञानावर बोलावयास सांगणे, हे मंडळाच्या चालकांचे औदार्य होय. आम्ही प्राथमिक शाळेचे शिक्षक. सारे आयुष्य पाढे, शुद्धलेखन आणि परिसर अभ्यास शिकविण्यात गेले. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने आम्ही काही सांगू, अशी अपेक्षा आपण ठेवू नये. आम्ही जे सांगणार आहोत ते आमच्या घरात घडलेले आहे आणि त्यात आमच्या हातून घडलेली एक चूकही आहे. चूक झाकून उपदेश करणे शिक्षकास शोभत नाही, म्हणून ती आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मागल्या हिवाळ्यात आपल्या खटाव तालुक्याचे शालेय विज्ञान प्रदर्शन भरले होते. आमची नात इयत्ता आठवीत शिकते. तिने आणि तिच्या वर्गातील दोन मुलांनी मिळून त्या प्रदर्शनासाठी भूजलाची प्रतिकृती केली. भूजल म्हणजे जमिनीच्या पोटातील पाणी. विहिरीत येते ते, हातपंपातून येते ते आणि बोअरमधून येते तेही. हे पाणी डोळ्यांस दिसत नाही. म्हणूनच ते कोणाचे, किती आणि कोठून येते, याविषयी लोकांत नाना समजुती असतात. कोणी पायाळू माणसाचा शोध घेतो, कोणी हातावर नारळ उभा करून पाहतो. मुलांनी ठरविले की, जमीन काचेची करावी, म्हणजे सर्वांस दिसेल.

मासे ठेवण्याची दोन फूट लांबीची एक जुनी काचेची पेटी त्यांनी मिळविली. तळाशी खापऱ्यांचे तुकडे घातले, त्यावर चिकणमातीचा एक पातळ थर दाबून बसविला, त्यावर पुन्हा खापऱ्या, त्यावर मुरूम, थोडी वाळू आणि सर्वांत वर बोटभर काळी माती. एका बाजूस भोके पाडलेली आखूड नळी उभी केली. ती विहीर. दुसऱ्या बाजूस तळापर्यंत जाणारी लांब नळी उभी केली. ती बोअर. बोअरला पंप म्हणून दवाखान्यातील सुईविना पिचकारी लावली. बाटलीच्या झाकणास भोके पाडून तिचा पाऊस केला आणि पाणी दिसावे म्हणून त्यात कपड्यांची नीळ कालविली. सर्व मिळून खर्च दोनशे रुपयांच्या आत. खापऱ्या आणि माती आमच्या वडीलबंधूंच्या आव्याशेजारून फुकट मिळाली. वडीलबंधू अद्याप चाक फिरवितात, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे.

आता ही अशीच रचना का केली, ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्राच्या भूमीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रसाचे लोट एकावर एक वाहिले आणि थिजले. त्यांचे थर आपल्या यमाईच्या डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे आजही दिसतात. या दगडात वाळूसारखे सर्वत्र पाणी मुरत नाही. वर मुरमाचा, म्हणजे कुजलेल्या खडकाचा, थर असतो. त्याखाली भेगाळ खडक, त्याखाली घट्ट पाषाण, मध्येच कोठे तांबड्या मातीचा पातळ थर, आणि पुन्हा दुसरा लोट. पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. शंभर घनफूट अशा खडकातून विहिरीस सुटणारे पाणी अवघे एक ते तीन घनफूट असते, असे भूजलशास्त्राचे मोजमाप आहे. याचा अर्थ पाहा. दोन घनफूट धरले, तर बोटभर पाणी उपसले की भूगर्भातील पातळी पन्नास बोटे खाली जाते. आपली विहीर हां हां म्हणता का आटते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रतिकृती टेंपोतून नेताना पेटीच्या एका कोपऱ्याची लांबी निघाली आणि निळे पाणी झिरपू लागले. मुलांचे चेहरे उतरले. परीक्षक यावयास अर्ध्या तासाचाच अवधी होता. नातीने डबीत उरलेला चिकणमातीचा गोळा काढला, मळून मऊ केला आणि आतल्या बाजूने त्या फटीवर दाबून बसविला. गळती थांबली. आपल्या वाडवडिलांची विद्या तेथे अशी कामास आली, आणि हाच गोळा पुढे एका प्रश्नाचे कारण झाला.

तीन परीक्षक आले. त्यांतील एक गृहस्थ पाण्याच्या कामातच आयुष्य घालविलेले निवृत्त अभियंता असावेत, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले. आम्ही पालक म्हणून दाराशी उभे होतो. मुलीने पाठ केलेले निवेदन सुरू केले. "माननीय परीक्षक महोदय, जल हेच जीवन आहे" इतके तिने म्हटले असेल नसेल, तोच ते गृहस्थ हसून म्हणाले, "बाळ, ते आम्हांला माहीत आहे. तू पाठ म्हणू नकोस. आम्हांला पाणी दाखव."

ते निवेदन आम्ही लिहून दिले होते, हे येथे कबूल करतो. त्यात सुभाषिते होती, पाणी मात्र नव्हते.

मुलगी क्षणभर गडबडली. मग तिने पाऊस पाडला. निळे पाणी काळ्या मातीतून सावकाश, वाळूतून झरझर आणि खापऱ्यांतून वाट काढीत खाली उतरले. विहिरीत आणि बोअरमध्ये पाणी एका पातळीवर उभे राहिले. मग तिने पिचकारी ओढावयास आरंभ केला. चार पिचकाऱ्या ओढेपर्यंत विहीर जागची हलली नाही. पाचव्या पिचकारीस तिची पातळी थरथरली आणि उतरू लागली. बाराव्या पिचकारीस विहीर कोरडी पडली, बोअरमध्ये मात्र अद्याप पाणी होते. विहिरीस कोणी हातही लावला नव्हता.

परीक्षकांनी विचारले, "असे का झाले?" तिने काचेवर बोट ठेवून दाखविले की, बोअरच्या भोवती पाण्याची पातळी वाटीसारखी खोलगट झाली आहे आणि ती वाटी रुंदावत विहिरीपर्यंत पोहोचली आहे. शास्त्रात यास उपशाचा शंकू म्हणतात. दुसरेही एक कारण तिने सांगितले. बोअरला लोखंडी किंवा प्लास्टिकचे केसिंग असते ते वरच्या काही फुटांपुरते. त्याखाली ते उघडे भोकच असते. जो घट्ट थर वरच्या पाण्यास तोलून धरीत होता, त्यासच बोअरने छिद्र पाडलेले असते. मग वरच्या भेगांतील पाणी त्या भोकातून खालच्या थरात गळत राहते, पंप बंद असला तरीसुद्धा.

तेव्हा दुसऱ्या परीक्षकांनी आमच्या ज्ञातीस आवडेल असा प्रश्न केला. ते म्हणाले, "मुली, तू खाली मातीचा थर पाणी अडविण्यासाठी घातलास. गळतीही मातीनेच बुजविलीस. आणि पाणी वाहून नेण्यासाठी खापऱ्या घातल्यास, त्याही मातीच्याच. एक माती पाणी अडविते, दुसरी सोडते, हे कसे?"

हा प्रश्न आम्हांस कोणी विचारला असता तर आम्ही निरुत्तर झालो असतो. मुलगी म्हणाली, "आमच्या थोरल्या आजोबांकडे माठ करताना मातीत लीद आणि राख कालवितात. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक वाटा राहतात. त्या वाटांनी पाणी बाहेर येते आणि वाऱ्याने उडून जाते, म्हणून माठ गार राहतो. ओल्या चिकणमातीतही पोकळी असते, पण ती इतकी सूक्ष्म असते की पाणी तिला चिकटून बसते, पुढे सरकत नाही."

बंधूंनो, तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. चिकणमातीत वाळूहूनही अधिक पोकळी असू शकते, तरी तिच्यातून पाणी वाहत नाही. पोकळी असणे निराळे आणि पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या असणे निराळे. आपल्या काळ्या दगडातही असे बुडबुडे पुष्कळ ठिकाणी दिसतात. परंतु ते सुटे सुटे असतील किंवा पांढऱ्या खनिजाने भरलेले असतील, तर त्या दगडात विहीर खणून पाणी लागत नाही. भेगांनी ते जोडलेले असतील तर लागते. १८५६ साली फ्रान्समधील दिजों नगराचे अभियंते आंरी दार्सी यांनी वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून त्याच्या वाहण्याचा नियम प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचे भूजलशास्त्र त्या नियमावर उभे आहे. कुंभाराने तो नियम सूत्ररूपाने मांडला नाही हे खरे, पण माठ कोणता आणि रांजण कोणता, कोठे पाझर हवा आणि कोठे नको, हे त्याच्या हातास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आपल्या मुलांस ही विद्या कमीपणाची वाटते, हे आपले दुर्दैव. त्या दिवशी एका मुलीस ती कमीपणाची वाटली नाही, म्हणून तिला उत्तर देता आले.

यानंतर अभियंता गृहस्थांनी विचारले, "तुझी प्रतिकृती कोठे कोठे खोटी आहे?"

हा प्रश्न ऐकून आमच्या पोटात धस्स झाले. कारण "परीक्षकांपुढे आपल्या वस्तूतील उणे कधी बोलून दाखवू नये" असे आम्हीच तिला बजावले होते. पण मुलीने आमच्याकडे पाहिलेही नाही. ती म्हणाली, "तीन ठिकाणी खोटी आहे. पहिले, माझ्या पेटीत खापऱ्या सगळीकडे सारख्या आहेत. रानात तसे नसते. एका बोअरचे पाणी शेजारच्या विहिरीशी जोडलेले असेल किंवा नसेलही, ते भेगांवर आहे. दुसरे, माझ्या पेटीला चार भिंती आहेत. रानात पाणी बाजूनेही येते आणि ओढ्याकडे निघून जाते. तिसरे, मी तीन मिनिटांत उपसा केला. रानात त्याला वर्षे लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही."

गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिले आणि शेवटचा प्रश्न केला. "मग रानात खरेच असे होते, हे तू कशावरून म्हणतेस?"

तिने दप्तरातून एक वही काढली. दोरीला दगड बांधून तिने फेब्रुवारीपासून दर रविवारी एका विहिरीची पातळी मोजली होती. तारीख, पाणी किती हात खाली आणि त्या आठवड्यात जवळची बोअर किती तास चालली, असे तीन रकाने. बोअर अधिक चालली त्या आठवड्यात विहीर अधिक उतरली होती, आणि बोअरची मोटर जळून दहा दिवस बंद पडली त्या दहा दिवसांत ती दीड हात चढली होती.

"बोअर कोणाची?" परीक्षकांनी विचारले.

"आमची," ती म्हणाली, "आणि विहीर शेजाऱ्यांची."

आम्ही दाराशी उभे होतो. कोणी आमच्याकडे पाहिले नाही, कारण आम्ही तिचे आजोबा आहोत हे परीक्षकांस ठाऊक नव्हते. परंतु चाळीस वर्षे मुलांस 'खरे बोलावे' हा धडा देणाऱ्या माणसास त्या धड्याचा अर्थ त्या वेळी समजला.

आता त्या बोअरची हकीकत सांगतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून आम्ही औंधच्या शिवारात दोन एकर जिराईत घेतले. शेजारी एका वृद्ध शेतकऱ्यांची जमीन आहे. त्यांना सारे तात्या म्हणतात. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. त्यांच्या वडिलांनी सुरुंग लावून फोडलेली सात परस खोलीची विहीर त्या जमिनीत आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही चौदा वर्षांचे होतो. खडी फोडण्याच्या कामावर आईबरोबर जात होतो, सुकडी आणि मिलोच्या भाकरी खात होतो. त्या वर्षी या विहिरीच्या तळाशी घागरभर पाणी होते आणि आमच्या घरची घागर तेथे भरली जात होती. कोणी जात विचारून घागर परत पाठविल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्याच विहिरीपासून दीडशे पावलांवर आम्ही ३८० फुटांची बोअर घेतली. पाणी लागले, पेढे वाटले आणि अर्ध्या एकरात ऊस लावला. दोन उन्हाळ्यांत तात्यांची विहीर आटली. ते आमच्याकडे एकदाच आले होते आणि म्हणाले होते, "गुरुजी, पाणी कुठं गेलं कळंना." आम्ही त्यांना सांगितले, "तात्या, पाऊसच कमी झाला." तेवढे एकच उत्तर आमच्यापाशी होते आणि ते आम्हांस सोयीचे होते.

महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ साली विधिमंडळाने संमत केला. त्यात साठ मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. ३८० फूट म्हणजे ११५ मीटरांहून अधिक. बोअर घेताना कायदा काय म्हणतो, हे आम्ही पाहिले नाही, यंत्रवाल्यानेही विचारले नाही. शिक्षित माणसास अज्ञानाची सबब सांगता येत नाही.

मुलीची वही पाहून घरी आल्यावर आम्ही पाटी घेऊन एक हिशेब मांडला. हा हिशेब आपण सर्वांनी आपापल्या घरी करून पाहावा, म्हणून येथे देतो. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात आपल्या माण-खटावाच्या वाट्यास पाचशेच्या आसपास येतो. पाचशे मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला तर ते सुमारे २० लक्ष लिटर पाणी झाले. आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात त्यातील शंभरात सात ते तेरा भाग जमिनीत मुरतात, असे शासकीय गणनेत धरतात. दहा भाग धरले, तर एकरी २ लक्ष लिटर मुरले. पंप ताशी १५ हजार लिटर उपसतो असे मानले, तर एका एकराचे वर्षाचे मुरलेले पाणी साडेतेरा तासांत संपते. एका एकर उसास पाटाने वर्षभरात ८० लक्ष लिटर पाणी सहज लागते. त्यातील २० लक्ष पावसाचे धरून सोडून दिले, तरी ६० लक्ष लिटर भूगर्भातून हवे. म्हणजे एक एकर ऊस तीस एकरांचे मुरलेले पाणी पितो. आमच्या अर्ध्या एकराने पंधरा एकरांचे पाणी प्याले. आमची जमीन दोन एकर. उरलेल्या तेरा एकरांचे पाणी कोणाचे होते?

हा हिशेब ढोबळ आहे. नातीच्या भाषेत सांगावयाचे तर तो तीन-चार ठिकाणी खोटा आहे. पण त्याने दाखविलेली दिशा खोटी नाही.

बंधूंनो, पाणी उपसण्याच्या यंत्रास आम्ही दोष देत नाही. आपल्याच औंध संस्थानाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी महाराजांनी दिलेल्या जागेत कारखाना उभारला. तेथील नांगरांनी आणि पुढे पंपांनी शेतकऱ्याच्या आणि बैलाच्या मानेवरचे ओझे उतरविले. बोअरच्या यंत्रानेही दुष्काळात पुण्य जोडले आहे. इंडिया मार्क-दोन या हातपंपाच्या पूर्वजांची घडण आपल्या जालना आणि सोलापूर येथेच झाली आणि त्या पंपाने खेड्यापाड्यांतील स्त्रियांची मैलोगणती पायपीट वाचविली. परंतु पिण्याची घागर भरणे आणि उसाचे पाट भरणे यांत अंतर आहे. यंत्राने हात लांब केला, नजर मात्र तेवढीच राहिली, हे दुःखाचे मूळ होय.

मग उपाय कोणता? उपायही याच मातीत सापडतो. १९३९ साली औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपली राजसत्ता प्रजेच्या हाती दिली आणि गावचा कारभार गावच्या पंचायतीकडे सोपविला. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तरी त्या प्रयोगातील मर्म शिळे झालेले नाही. जे सर्वांचे आहे त्याचा निर्णय सर्वांनी एकत्र बसून करावा, हे ते मर्म. भूजल हे असेच सामाईक आहे. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडावयास आरंभ केला आणि शेतीसाठी बोअर घेणे गावाने आपणहून बंद केले. आपल्या सातारा जिल्ह्यातही कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ साली आणि माण तालुक्यातील टाकेवाडीने २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला, तो श्रमदानाच्या बळावर. येरळेच्या खोऱ्यात खाली सांगली जिल्ह्यात शेतकऱ्यांनी स्वतःच्या बळावर बळीराजा धरण बांधले. ही सारी आपल्यासारखीच माणसे होत.

एक गोष्ट मात्र या ज्ञातिसंमेलनात आवर्जून सांगावयाची आहे. आपण येथे एका ज्ञातीचे म्हणून एकत्र आलो आहोत. मुलांची शिक्षणे, वधुवरांची माहिती, अडलेल्यास मदत, ही कामे ज्ञातीच्या मंडळाने करावीत, त्यात वावगे काही नाही. परंतु भूगर्भातील पाणी ज्ञाती ओळखत नाही. आपल्या बांधाखालून ते दुसऱ्याच्या बांधाखाली जाते आणि तेथून तिसऱ्याच्या. ज्या देशात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्या देशात पाण्यावर आपपरभाव किती खोल गेलेला आहे, हे सांगावयास नको. जमिनीवर आपण कितीही भिंती घातल्या, तरी पोटात आपण सारे एकाच भेगेने जोडलेले आहोत. आपली घडविलेली घागर गावातील प्रत्येक घरी पोहोचत असे, मग आपली बुद्धी आपल्याच उंबऱ्याशी का थांबावी?

आता शेवट सांगतो. प्रदर्शनात मुलांना दुसरा क्रमांक मिळाला. पहिला क्रमांक न मिळाल्याने जिल्ह्याच्या स्पर्धेत त्यांची निवड झाली नाही. मुलगी परतीच्या वाटेवर थोडी रडली. आम्ही तिची समजूत घातली नाही, कारण आमच्याच मनाची समजूत पडत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची वही घेऊन आम्ही तात्यांकडे गेलो आणि म्हणालो, "तात्या, पाऊस कमी झाला असे मी तुम्हांला सांगितले होते. ते पुरते खरे नव्हते." तात्यांनी वही उलटीसुलटी केली. त्यांना अक्षर येत नाही. ते म्हणाले, "गुरुजी, मला ठावं हुतं. पर तुमास्नी कोण सांगनार? तुमी गुरुजी." एवढे बोलून त्यांनी चहा ठेवावयास सांगितला.

ऊस आम्ही काढला. तेथे आता ज्वारी आणि हरभरा आहे आणि थोडी भाजी ठिबकवर. बोअर आठवड्यातून ठरलेले तासच चालते आणि उन्हाळ्यात तात्यांच्या गुरांसाठी तिचे पाणी जाते. घराच्या छपराचे पावसाचे पाणी गाळून त्यांच्या विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडले आहे. त्या खड्ड्याच्या गाळणीस वडीलबंधूंच्या आव्यातील खापऱ्याच वापरल्या. या पावसाळ्यानंतर विहिरीत तीन परस पाणी आले. आमच्या सुधारणेमुळे आले, असे आम्ही म्हणणार नाही, कारण पाऊसही बरा झाला होता. नात अजून दर रविवारी दोरी सोडून मोजते आहे. तिचे म्हणणे असे की, दोन-तीन कमी पावसाची वर्षे मोजल्यावाचून काही सांगता येणार नाही. आम्ही तिच्याशी सहमत आहोत.

मंडळास आमची एक विनंती आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण प्रत्येक शिवारास ती कोठून पुरणार? आपल्या मुलांनी हे काम करावे. गुणवंतांचा सत्कार आपण गुणपत्रिका पाहून करतो, तो अवश्य करावा. त्याबरोबर आणखी एक पारितोषिक ठेवावे. जो मुलगा किंवा जी मुलगी आपल्या शिवारातील एका विहिरीची बारा महिन्यांची नोंद खाडाखोडीसह जशीच्या तशी आणून दाखवील, त्यास ते द्यावे. विहीर आपल्या घरची नसली तर अधिक बरे. या पारितोषिकासाठी आमच्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी एक हजार एक रुपये देण्याचे आम्ही येथे जाहीर करतो. रक्कम अल्प आहे, ती आपण गोड मानून घ्यावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापुढे कोणी परीक्षक उभा राहिला आणि त्याने विचारले की, तुझ्या कामात खोटे काय आहे, तर घाबरू नका. प्रामाणिकपणे सांगा. मागे तुमचे आजोबा उभे असले तरीही सांगा.